बांधालगतची खोली

आमच्या भागात लोकांना बिबट्याची भीती वाटते. मला ती कधी फारशी वाटली नाही. बिबट्या येतो, एखादं कुत्रं नेतो, चार दिवस सगळे हातात बॅटऱ्या घेऊन हिंडतात, आणि ऊस तुटला की तो दुसऱ्या शिवारात जातो. मला भीती वाटायची कोतवालाची. बांधाला सायकल टेकवून तो खाकी पिशवीत हात घालायचा तेव्हा मी हातातलं काम टाकून दाराआड व्हायची, मग निघालेला कागद ग्रामसभेच्या बोलावण्याचा का असेना. नवरा हसायचा. बारावी झालेली बाई कागदाला घाबरते, हे तो पाहुण्यांना गंमत म्हणून सांगायचा. त्याला कारण माहीत नव्हतं, आणि मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

माझं माहेर अवसरी बुद्रुकचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी जुन्नर तालुक्यातल्या या मळ्यात आले. बेल्ह्याच्या बाजाराकडे जाणारा रस्ता आमच्या शेताला चिकटून जातो. घरात सासरे, नवरा आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. गावात त्यांना मान होता, आणि त्या मानापोटी कुठेही पंचनामा असला की पंच म्हणून बोलावणं त्यांनाच यायचं. कुणाची विहीर ढासळली, कुणाची कडब्याची गंजी जळली, कुणी बांध कोरला, की मामंजी पटका बांधून निघायचे. त्यांना सही येत होती, वाचता फारसं येत नव्हतं. पण त्यानं काही अडायचं नाही, कारण पंचाने कागद वाचायचा नसतो अशी गावाची रीत होती. तलाठी भाऊसाहेब आधी कोऱ्या कागदाच्या तळाशी सह्या घ्यायचे आणि वरचा मजकूर मागाहून सावकाश, चहा पीत लिहायचे. वाचून दाखवा म्हणणं म्हणजे भाऊसाहेबांवर संशय घेणं. मामंजींसारख्या माणसाला ते शोभलं नसतं.

आमच्या बांधाला लागून एका शेजाऱ्यांचं शेत होतं. मी त्यांना काका म्हणायची. मामंजींपेक्षा वयाने बरेच लहान, अंगाने काटक, बोलायला कमी. माझं लग्न झालं त्या वर्षी काकांनी रस्त्याच्या कडेला रसवंती घातली होती. चार मेढी, वर पत्रे, दोन लोखंडी बाकडी आणि बैलाने फिरवायचा चरक. ऊस घरचा, बैल घरचा, लिंबूसुद्धा बांधावरच्या झाडाचं. बाजाराच्या दिवशी जनावरांचे टेम्पो थांबायचे, व्यापारी उतरून दोन-दोन ग्लास रस प्यायचे. बैलाच्या गळ्यातली घुंगरं आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. नव्या घरी करमत नव्हतं तेव्हा त्या आवाजाचा मला फार आधार होता, हे मला पुढे कळलं.

कुणीतरी अर्ज केला की शेतजमिनीवर परवानगी न घेता हॉटेल चालतं. त्या काळात मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण नियम साधारण असा होता. ऊस लावला तर ती शेती. तो ठेवायला खोपी घातली तरी शेती. पण तोच ऊस त्याच रानात पिळून ग्लासात ओतला आणि गिऱ्हाइकाला बाकड्यावर बसवलं, की ती जागा शेतीची राहत नाही, तिला बिगरशेतीची परवानगी लागते. मेढी काढता येण्यासारख्या होत्या, बांधकाम असं काही नव्हतंच. तेवढं नीट लिहिलं गेलं असतं तर समज देऊन सोडून दिलं असतं, असं नंतर तहसील कचेरीबाहेरच्या अर्ज लिहून देणाऱ्यानेच मला सांगितलं.

तलाठी पंचनाम्याला आले आणि आमच्या अंगणात बसले, कारण सावली आमच्याकडे होती. मामंजींनी कोऱ्या कागदाच्या तळाशी सही केली. मग कागद काकांकडे गेला. काकांनी कागदाकडे पाहिलंच नाही, मामंजींकडे पाहिलं. "तुमी केलीया ना सही? मग झालं," असं म्हणून त्यांनी एकेक अक्षर ओढत आपलं नाव काढलं. मी डोक्यावर पदर घेऊन चहाचे कप गोळा करत होते. लग्नाला चार महिने झाले होते. भाऊसाहेब लिहीत होते आणि कागद माझ्या डोळ्यांसमोर होता. पक्के बांधकाम करून हॉटेल व्यवसाय चालू आहे, त्याचा शेतीशी संबंध नाही, आणि हे कब्जेदाराने, म्हणजे काकांनी, पंचांसमक्ष कबूल केले आहे, असं त्यात होतं.

मी ते दोनदा वाचलं. चार मेढींना पक्कं बांधकाम कोण म्हणतं, असा प्रश्न माझ्या मनात आला, अगदी शब्दांसकट आला. पण चार महिन्यांची सून, अंगणात पाच पुरुष, त्यात सासरे आणि सरकारी माणूस. मी कप घेऊन आत गेले आणि ते विसळून पालथे घातले.

पुढे महिनाभरात पत्रे उतरवले गेले. मेढींचे चार खड्डे काही दिवस दिसत होते, मग तेही बुजले. चरक काकांनी बांधावरच्या लिंबाखाली आणून ठेवला आणि तो तिथेच गंजत पडला. मी जनावरांना पाणी दाखवायला निघाले की आधी तो दिसायचा.

काका भांडले असते तर बरं झालं असतं. ते भांडले नाहीत. कॅनॉलच्या पाण्याची पाळी ठरल्याप्रमाणे देत राहिले, आमची गाय अडली तेव्हा अर्धा दिवस आमच्या गोठ्यात उभे राहिले. फक्त आमच्याकडचा चहा त्यांनी कधी घेतला नाही. मामंजी हाक मारायचे, या, चहा घ्या. काका हात वर करायचे. "आत्ताच घेतलाय." पहाटे उसाला पाणी द्यायला दारं धरून परत येतानाही आत्ताच घेतलेला, भर दुपारी ऊस खुरपून आल्यावरही आत्ताच घेतलेला. मामंजींना ते लागायचं. साहेबांनी काय खरडलं ते आपल्याला काय ठाऊक, असं ते मला म्हणायचे, आणि मी मान हलवायची. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मी मूग गिळून बसले होते. काकांना हे एक दिवस कळेल, या भीतीने मी बांधाच्या त्या बाजूला कधी मोठ्याने बोललेसुद्धा नाही.

अशी दहा-बारा वर्षं गेली. आमच्याकडे द्राक्षबाग आली, वाढली, आणि दोन हजार सालानंतर सगळीकडे वाइनची हवा सुरू झाली. द्राक्षाची वाइन करा, सरकारचं पाठबळ आहे, असं मेळाव्यांतून सांगितलं जायचं. नवऱ्याने अर्ध्या बागेत वाइनची जात लावली, शिकून आला, परवाने मिळवले, स्टीलच्या टाक्या आणल्या. मामंजी माळकरी नव्हते, तरी पहिल्या वर्षी टाक्यांच्या इमारतीत पाय ठेवताना चप्पल बाहेर काढायची की नाही याचा त्यांना निर्णय होईना. इमारतीखालची जागा रीतसर मोजून बिगरशेती करून घेतली होती. मोजणीवाल्याने रोवलेले दगड मी स्वतः पाहिले होते. तोवर माझी झोप शाबूत होती.

मग नवऱ्याने ती खोली बांधली. दगडांच्या बाहेर, बांधालगत, शेतजमिनीवर. कागदावर ती द्राक्षं निवडायची आणि क्रेट ठेवायची खोली होती, आणि पहिल्या हंगामात तिथे खरंच तेवढंच झालं. दुसऱ्या वर्षी पुण्याहून कुणी ओळखीचे बाग बघायला आले. त्यांना खोलीत बसवलं, चव घ्यायला दिली, सोबत भाजलेले शेंगदाणे आणि काकडी. ते गेले आणि त्यांनी आणखी लोक पाठवले. बघता बघता टेबलं आली, वेताच्या खुर्च्या आल्या, उंच दांड्याचे ग्लास आले, आणि रविवारी रस्त्याकडेला गाड्यांची रांग लागू लागली. नवऱ्याने रस्त्यावर बाण काढलेली पाटी लावली. ती जिथे लावली तिथून हातभर अंतरावर पूर्वी काकांच्या रसवंतीची पुढची मेढ होती.

मी म्हणाले, पाटी तरी दुसरीकडे लाव. तो म्हणाला, ती रसवंती होती, हे वेगळं आहे. मी विचारलं, काय वेगळं आहे ते सांग. त्याने बाटल्यांवर चिकटवायच्या कागदांचा गठ्ठा काढला आणि मोजायला बसला.

रविवारी काका आपल्या रानात काम करत असायचे. गाड्या यायच्या, शहरातल्या बाया हसत उतरायच्या, आणि काका खुरप्यावरून मान वर करून एकदा बघायचे आणि पुन्हा खाली घालायचे. अर्ज करतील तर तेच, असं माझ्या मनाने घेतलं होतं. दर सोमवारी मी कोतवालाच्या सायकलकडे कान लावून बसायची.

नोटीस आली ती बुधवारी. शेतजमिनीचा अनधिकृत बिगरशेती वापर, जागेची पाहणी आणि पंचनामा होईल, वापर शेतीशी संबंधित नसल्याचे आढळल्यास बांधकाम काढून टाकण्यात येईल. अर्ज काकांचा नव्हता, दूरच्या कुणाचा तरी होता, हे नवऱ्याने जुन्नरला जाऊन काढलं. ते ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. पण पंच म्हणून लगतचे कब्जेदार बोलावतात, आणि आमच्या लगत दुसरं होतं कोण?

मी एस.टी.ने जुन्नरला गेले आणि त्या अर्ज लिहिणाऱ्याकडून नियम समजून घेतला. शेतावरची इमारत कशाला म्हणायचं ते त्याने बोटांवर मोजत सांगितलं. अवजारं, खत, वैरण ठेवायला बांधलेली चालते. पीक साठवायला चालते. जनावरांना, घरच्या माणसांना, गड्यांना राहायला चालते. आणि शेवटी, शेती करण्याच्या व्यवस्थेचा जो अविभाज्य भाग असेल तेही चालतं. अविभाज्य म्हणजे कुठवर, असं मी विचारलं. ते पंचनाम्यात काय लिहिलं जाईल त्यावर आहे, असं तो म्हणाला. परतीच्या गाडीत मी त्याचं ते एकच वाक्य घोळवत होते.

घरी त्यावर रोज खल व्हायचा. द्राक्ष निवडणं शेती, हे सगळ्यांना मान्य. वाइन करणं उद्योग, त्याची परवानगी आहे. पण ती चाखायला दिली तर ते कशात मोडतं? मामंजींचा मुद्दा एकच होता. "पावणा शेतावं आला त त्याला बसवायचं न्हाई का? त्याला बी परवानगी?" पाहुणा पैसे देऊन जातो, हे त्यांना सांगायचं धाडस कुणी केलं नाही. त्यांची खरी भीती आणखी निराळी होती. सबंध गट बिगरशेती झाला तर सातबाऱ्यावरून शेतकरी म्हणून आपलं नाव जाईल, असं त्यांना कुणीतरी पारावर सांगितलं होतं. ते तसं नव्हतं, मी समजावलं, तरी ते संध्याकाळी उठून सातबाऱ्याचा उतारा पेटीतून काढून बघायचे आणि परत घडी घालून ठेवायचे.

पंचनाम्याच्या आदल्या दुपारी आम्ही टेबलं, खुर्च्या, ग्लास सगळं घराच्या माळ्यावर चढवलं आणि खोलीत छतापर्यंत क्रेट रचले. रस्त्यावरची पाटी उपटून गोठ्यात ठेवली. नवरा तलाठ्यांच्या वरच्या सर्कलसाहेबांशी आधी बोलून आला होता. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. चिंता करू नको, एवढंच तो म्हणाला.

सर्कलसाहेब आले, खोलीत डोकावले, आणि अंगणात त्याच जागी बसून लिहू लागले. या साहेबांनी मजकूर आधीच लिहिला, सह्यांसाठी तळ तेवढा मोकळा ठेवला. मग कोतवालाला काकांना बोलवायला पाठवलं. काका चिखलाच्या पायांनी आले आणि खाली बसले. साहेबांनी कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. काकांनी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"आदी वाचून दावा."

साहेब हसले. नेहमीचाच मजकूर आहे, म्हणाले.

"आसंल. मला वाचता येत न्हाई. सूनबाईला येतं. तिला वाचू द्या."

माझ्या हातात कागद आला. गट क्रमांक, चतु:सीमा, दिशा, तोवर आवाज नीट निघाला. पुढे होतं की सदर खोलीचा वापर फक्त द्राक्षे निवडणे व क्रेट ठेवणे यासाठी होतो, इतर कोणताही वापर होत नाही, असे आम्ही पंच समक्ष पाहून लिहून देत आहोत. तिथे मी थांबले. आम्ही पंच म्हणजे काका. ज्यांनी प्रत्येक रविवारी सगळं पाहिलं होतं ते काका. पुढेमागे चौकशी झाली असती तर खोटं लिहून देणारे तेच ठरले असते. आमच्याच अंगणात दुसऱ्यांदा त्यांची सही भलत्याच मजकुराखाली जाणार होती, आणि मजकूर दुसऱ्यांदा माझ्याच डोळ्यांसमोर होता. खोली जाईल, नवरा तोंड बघणार नाही, हे सगळं मला दिसत होतं.

"हे खरं नाही," मी म्हणाले. "रविवारी इथे माणसं येतात. बसतात, वाइन पितात, पैसे देतात. टेबलं आमच्या माळ्यावर आहेत."

नवऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. काय बोलताय ते तुम्हाला कळतंय का, असं साहेबांनी मला विचारलं. मी हो म्हणाले. काका माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि आनंद तर नव्हताच.

"येवढं तवा बोलली आसतीस तर," ते म्हणाले. "कप उचलत व्हतीस तू. दोनदा वाचलंस. मी म्होरंच बसलो व्हतो."

इतकी वर्षं मी भीत होते ते काकांना कळेल म्हणून. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नवी सून बारावी झालेली आहे हे गावभर झालंच होतं. त्यांनी फक्त माझे डोळे कागदावर फिरताना पाहिले होते, आणि मी आत गेलेली पाहिली होती.

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. वाचलं व्हतंस, एवढंच त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी पटका सोडून मांडीवर घेतला आणि त्याची घडी घालत बसले. ती घडी काही केल्या त्यांच्या मनासारखी होईना.

साहेबांनी चिडून कागद फाडला आणि नवा घेतला. लिहिताना ते एकदा थांबले तेव्हा काकाच म्हणाले, "द्राक्षं बी निवडत्यात हितं. ते बी खरं हाय. ते बी लिवा." तेही लिहिलं गेलं. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचलं, आणि मग काकांनी एकेक अक्षर ओढत सही केली.

खोलीचं पुढे काय झालं ते सांगून टाकते. द्राक्षं निवडण्याचा उल्लेख होता म्हणून ती पाडली गेली नाही. पण माणसं बसवायला मनाई झाली, आणि त्या तुकड्याची परवानगी मिळेपर्यंत दोन हंगाम तिथे क्रेटशिवाय काही नव्हतं. रविवार सुने झाले. नवरा पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. मामंजींचं नाव सातबाऱ्यावर होतं तसंच राहिलं, आणि त्यानंतर पंच म्हणून बोलावणं आलं की ते मला सोबत घेऊन जायला लागले. गावात त्यावर चेष्टा झाली, ती त्यांनी चालवून घेतली.

पण मला आठवतो तो त्या दिवसाचा शेवट. साहेबांची जीप गेली होती. मी आत जाऊन चहा टाकला, दूध जास्त घातलं, आलं ठेचून घातलं, आणि कप बशीसकट दोन्ही हातांनी धरून बाहेर आणला. मला वाटलं होतं, आता तरी घेतील. काकांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हाताचा आधार घेऊन ते हळूच उठले.

"आत्ताच घेतलाय," ते म्हणाले आणि बांध ओलांडून आपल्या रानात गेले.